दाढी, खिडक्या आणि एक बिस्कीट (की केक?)

*खजिनदार:* नमस्कार मंडळी. रिटर्न भरायची मुदत जवळ आली आहे. ज्यांचं राहिलंय त्यांनी उरकून घ्या. शेवटच्या रात्री साइट बंद पडली म्हणून इथे आरडाओरडा करायचा नाही.

*बी-२०३:* झालं, घालवलात सकाळी सकाळी मूड.

*ए-४०१ (काका):* तुम्ही सुखी आहात हो. रशियाच्या पीटर राजाने १६९८ मध्ये दाढीवर कर बसवला होता. भरला की बिल्ला मिळायचा. त्यातल्या एकावर चक्क नाक, मिशा आणि दाढी कोरलेली, वर लिहिलेलं 'पैसे घेतले'.

*बी-२०३:* दाढी तोंडावर असताना पावती खिशात कशाला?

*ए-४०१ (काका):* दाढी सगळ्यांना दिसते. कर भरलाय हे कुठे दिसतं?

*सी-१०४:* काका, आम्हाला कॉलेजात इमारतींच्या इतिहासात शिकवलेलं, इंग्लंडमध्ये खिडक्यांवर कर होता. १६९६ ते १८५१. त्याआधी चुलींवर होता, पण त्या मोजायला माणूस थेट घरात शिरायचा. लोक वैतागले. खिडक्या कशा, रस्त्यावर उभं राहून मोजता येतात. मग काय, लोकांनी खिडक्याच विटांनी बुजवल्या! बुजवलेल्या चौकटी काही जुन्या घरांवर अजून दिसतात.

*बी-२०३:* वा! मग विटांवर कर लावायचा ना!

*सी-१०४:* लावला की. १७८४ मध्ये. नगावर होता, म्हणून काही जणांनी विटाच मोठ्या पाडायला घेतल्या. पुढे सरकारने मोठ्या विटेला दुप्पट कर केला. दोन्हीकडे डोकी सुपीक.

*डी-५०१:* पांढरी गाडी कुणाची आहे? माझ्या जागेत लावलीये. कृपया काढा.

*ए-४०१ (काका):* आणि १७९७ मध्ये त्यांनी घड्याळांवर लावला. लोकांनी घड्याळं घेणंच सोडलं, कारागीर बसले रिकामे. वर्षाच्या आत मागे घ्यावा लागला. मला तर हा सगळ्यात आवडतो. वेळ बघायची झाली तर शेजाऱ्याकडे डोकवा!

*डी-३०२ (सीए):* माझ्या धंद्यातला खरा विनोद व्याख्येत असतो. ब्रिटनमध्ये चॉकलेट लावलेल्या बिस्किटावर व्हॅट आहे, केकवर शून्य. जॅफा केक नावाचा पदार्थ मिळतो बिस्किटांच्या शेजारी, आकारही तसाच. १९९१ मध्ये लवादापुढे प्रश्न आला, हा केक की बिस्कीट? वाद घालताना एक मुद्दा असा निघाला, की शिळा झाल्यावर केक कडक होतो आणि बिस्कीट मऊ पडतं. हा कडक होतो. कंपनी जिंकली.

*सी-१०४:* म्हणजे मोठमोठे वकील कोर्टात शिळा केक दाबून बघत होते? 😂

*डी-३०२ (सीए):* फी घेऊन.

*बी-२०३:* असलं काम मला द्या, मी फुकट करतो.

*डी-३०२ (सीए):* अजून ऐका. अमेरिकेत आयात बाहुल्यांवर १२ टक्के ड्यूटी होती, इतर खेळण्यांवर ६.८. बाहुली म्हणजे माणसाची प्रतिकृती, असा नियम. एक्स-मेन, म्हणजे कॉमिकमधले अचाट शक्तीचे म्युटंट हिरो, त्यांच्या बाहुल्या आणणाऱ्या कंपनीने कोर्टात सांगितलं, हे आमचे हिरो माणसं नाहीतच! २००३ मध्ये कोर्टाने मान्यही केलं.

*सी-१०४:* अरे देवा. 'आम्हीही माणसंच आहोत' म्हणून ते बिचारे कॉमिकभर भांडतात आणि स्वतःच्याच कंपनीने पाच टक्क्यांसाठी विकलं त्यांना.

*बी-२०३:* सीए साहेब, मी माणूस नाही असं लिहून दिलं तर माझं काही कमी होईल का?

*डी-३०२ (सीए):* होईल, पण आधी तुम्हाला परदेशातून आयात करावं लागेल. ड्यूटी कोण भरणार, ते वहिनींना विचारा.

*बी-२०३ (सौ.):* आधी सांगा, माल परत पाठवायची सोय आहे का?

*डी-५०१:* गाडी!!!