बाबांचा दिवसभराचा मोबाइल, सवय म्हणायची की व्यसन? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, बाबांबद्दल विचारायचंय, जरा लांबेल.

बाबा रिटायर्ड शिक्षक, सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात गावी एकटेच असतात. आई गेल्यापासून मोबाइल हातातून सुटत नाही. सकाळी उठल्या उठल्या ई-पेपर, मग जुन्या विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, दुपारी ऑनलाइन बुद्धिबळ आणि रात्री यूट्यूबवर नाट्यगीतं नि कीर्तनं एकामागून एक, कधी कधी एक वाजतो. दादा म्हणतो हे सरळसरळ व्यसन आहे, रिचार्जच मारायचा नाही. मला ते पटत नाही, कारण आई गेल्यावर बाबांनी बोलणंच टाकलं होतं, त्या ग्रुपमुळे ते परत माणसांत आले, अजूनही कुणाच्या पोराला गणित अडलं की व्हिडिओ कॉलवर समजावून सांगतात. हे कसं काढून घ्यायचं त्यांच्याकडून?

पण गुरुवारचं भजन सुटलंय, बीपीची गोळी राहून जाते, रेंज गेली की चिडचिड करतात, हे आधी नव्हतं हो.

थोडं वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, नुसत्या इंटरनेटचा असा वेगळा नाही. आणि गेमिंगलाही तास मोजत नाहीत, ताबा सुटलाय का, बाकीचं आयुष्य मागे पडलंय का, नुकसान दिसूनही चालूच आहे का, हे बघतात, तेही साधारण वर्षभराचं. मग बाबा कुठे बसतात यात?

आमच्याच तालुक्यात मोहित्यांचे वडगावला २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात झाली, ते बाबांना सांगून बघितलं तर म्हणाले ते शाळेतल्या पोरांसाठी आहे.

त्यांना न दुखावता विषय कसा काढू? आणि डॉक्टरकडे कधी न्यायचं?

प्रतिसाद:
ताई, रिचार्ज बंद करू नका प्लीज, त्यांचा माणसांशी असलेला धागाच तुटेल. ग्रुप, गणित, बुद्धिबळ राहू दे की, त्यात वाईट काय आहे. झोप, गोळी आणि भजन या तीनच गोष्टींवर बोला. जे बीपीचे डॉक्टर आहेत त्यांनाच आधी दाखवा आणि आई गेल्यापासून झोप कशी आहे, मन उदास असतं का हे मुद्दाम विचारायला सांगा, कारण म्हातारपणी एकटेपणा असा फोनमागे लपतो, आपल्याला फक्त फोन दिसतो. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तुम्ही स्वतः फोन करून विचारलंत तरी चालेल. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत तर याच प्रश्नासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक आहे, पण तिथवर जायची वेळ येईल असं तुमच्या लिहिण्यावरून वाटत नाही.

धागाकर्ती:
खूप बरं वाटलं वाचून. दादाला हे दाखवते. भजनी मंडळातल्या काकांना गुरुवारी बाबांना घरी येऊन घेऊन जा म्हणून सांगणारे. रात्रीच्या यूट्यूबचं मात्र कळत नाहीये, त्याऐवजी रेडिओ आणून दिला तर ऐकतील का? कुणी घरात असं करून बघितलंय?