सोसायटीच्या बागेतले दिवे रोज संध्याकाळी जातात, मदत हवी आहे

त्रस्त_सचिव
पाऊस सुरू झाल्यापासून बाहेरचे सगळे दिवे संध्याकाळी लागतात आणि दोन मिनिटांत जातात. इलेक्ट्रिशियनने दोनदा पार्ट बदलला, पैसे घेतले, पुन्हा तेच. काल एक आजी पायऱ्यांवर पडता पडता वाचल्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज माझी बिनपाण्याने चालू आहे. रविवारी मीटिंग आहे, लवकर सांगा.

जुनं_खोड
कोणता पार्ट? दिवे कसले, किती? टायमरवर आहेत की वॉचमन लावतो?

उन्हाची_वाट
सोलर बसवा! पीएम सूर्यघरमध्ये सोसायटीच्या कॉमन कामांसाठी किलोवॅटला 18,000 रुपये अनुदान आहे. आम्ही बसवलं, कॉमन मीटरचं बिल पार खाली आलं.

जुनं_खोड
केबलमधून करंट गळत असेल तर वीज महावितरणची असो की सूर्याची, दिवा जाणारच.

त्रस्त_सचिव
सोलर नको, दिवे हवेत. पार्ट म्हणजे डीबीतला (वीजवाटपाच्या पेटीतला) तो टेस्टचं बटण असलेला. टायमर पावणेसातचा. 22 बुटके खांब आणि गेटवर 2 फ्लडलाइट.

निशाचर_पुणे
म्हणजे ईएलसीबी, करंट जमिनीत गळला की लाइन तोडणारा स्विच. त्यावर किती मिलिअँपियर लिहिलंय, म्हणजे किती गळतीला पडतो? आणि नीट ऊन पडलं की दिवे टिकतात का?

त्रस्त_सचिव
30. हो, मध्ये चार दिवस उघडीप होती तेव्हा रात्रभर चालले. हे सांगायचं राहिलं.

निशाचर_पुणे
हेच तर आधी सांगायचं! कुठेतरी पाणी शिरतंय.

झटपट_उपाय
30 काढून 100 चा टाका. नाहीतर सरळ बायपास. आमच्याकडे वायरमनने दोन वर्षांपूर्वी केलाय, एकदाही ट्रिप नाही.

जुनं_खोड
ट्रिप कशी होईल, ट्रिप करणारंच काढून टाकलंत! 30 चा माणसाच्या जिवासाठी असतो, 100 आणि 300 वाले आगीसाठी. त्याच खांबांना धरून पोरं लपाछपी खेळतात. आजच पुन्हा जोडून घ्या, धाग्यावर वाद नंतर घालू.

झटपट_उपाय
अनुभव सांगितला, तर लगेच शाळा.

कायदेपंडित
रेरा कलम 14(3). ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत कामातला दोष कळवला तर बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. ताबा कधीचा?

त्रस्त_सचिव
2018. विषय संपला. इलेक्ट्रिशियन म्हणतो, एकेक एमसीबी (प्रत्येक सर्किटचा वेगळा स्विच) पाडून बघितला, तरी ईएलसीबी पडतोच, म्हणजे ईएलसीबीच खराब.

निशाचर_पुणे
तिथेच चुकतोय तो. एमसीबी फक्त फेज तोडतो. सगळ्यांचे न्यूट्रल एकाच पट्टीवर जोडलेलेच राहतात. एखाद्या खांबात न्यूट्रल ओल्या मातीला टेकला असेल तर दुसऱ्याच सर्किटवर लोड आला तरी थोडा करंट तिकडून जमिनीत पळतो आणि ईएलसीबी पडतो. त्याला म्हणावं, मेन बंद करून प्रत्येक सर्किटचे फेज, न्यूट्रल दोन्ही सोडव आणि 500 व्होल्टच्या मेगरने (वायरचं इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) अर्थशी तपास. एक मेगओमच्या खाली दिसलं की चोर तिथे. पण आधी एलईडीचे ड्रायव्हर (दिव्याला वीज देणारं सर्किट) सोडवायला लावा, नाहीतर मेगर त्यांचाच बळी घेईल.

झोपमोड
तुम्ही पांढरे 6500 केल्विनचे लावलेत का? आमच्या बेडरूममध्ये रात्रभर क्रिकेट स्टेडियम असतं. किडेही त्यावर जास्त येतात. 3000 वाले पिवळे घ्या.

त्रस्त_सचिव
दिवे आधी *लागू* देत, मग रंगाचं बघू.

जुनं_खोड
गेल्या वर्षभरात बागेत खोदकाम? नवीन खांब? कुणी लाइन ओढली?

त्रस्त_सचिव
खोदकाम नाही. गणपतीत मंडपवाल्याने कारंज्याजवळच्या खांबातून लाइन घेतली होती, पण ती काढली. त्याचा काय संबंध?

जुनं_खोड
🙏 वायर काढली, पण जॉइंट पुन्हा कसा बांधला? काळी टेप गुंडाळून मातीत पुरला असेल. टेप म्हणजे रेनकोट नव्हे. पहिला तोच खांब उघडा, पण मेन बंद करून आणि टेस्टरने खात्री करून.

उन्हाची_वाट
सोलर गार्डन लाइटला केबलच नसते, एवढंच म्हणतो.

जुनं_खोड
आणि आषाढात उजेडही नसतो.

त्रस्त_सचिव
वॉचमनने आत्ता सांगितलं, त्या खांबाच्या बुडाशी झाकणच नाही, आत गोगलगायी आहेत. मेगरवाला शनिवारी सकाळी येतोय. तोपर्यंत बागेची लाइन पूर्ण बंद ठेवलीय, जिन्यापाशी बॅटरीवरचे दोन दिवे ठेवलेत. मंडपवाल्याचं डिपॉझिट मात्र फेब्रुवारीतच परत करून बसलोय.

कायदेपंडित
डिपॉझिटची पावती जपून ठेवलीय ना?

झोपमोड
ते केल्विनचं कुणी सांगेल का, समोरच्या विंगचा दिवा आमच्याच खिडकीवर येतो, तक्रार कमिटीकडे करायची की थेट चेअरमनकडे?