झोप न लागणारा विश्वासात कच्चा, हे कोणी ठरवलं?

रात्रपाळी :
सलाम. काल इथे एका भावाने लिहिलं : "ख्रिस्ताकडे आलात आणि तरी रात्री झोप नाही? मग तुम्ही अजून आलाच नाहीत." खाली आमेनची रांग. दोनदा वाचलं, उठून भांडी घासली, तरी राग जाईना. म्हणून लिहिते.

मी बावीस वर्षं नर्स आहे. नवऱ्याचं डायलिसिस तीन वर्षं चाललं. तो गेला आणि पुढचे चौदा महिने मला सलग दोन तास झोप लागली नाही. प्रभू येशूचं मत्तय ११:२८ हे वचन संडे स्कूलपासून पाठ आहे, 'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन'. पहाटे तीनला तेच म्हणत बसायचे. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एका बाईंनी सांगितलं, उपास वाढव, कुठेतरी पाप दडलंय. त्यांनी सांगितलं याहून मी ते ऐकलं याचं मला जास्त वाईट वाटतं. दुसऱ्या उपासानंतर ड्युटीवर चक्कर येऊन पडले.

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याचं बघा. झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवदूताने त्याच्याकडे पापाचा हिशेब मागितला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, मग उठवून परत भाकर दिली. आणि क्रूसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू जागा होता, झोपले होते ते शिष्य. त्या रात्री विश्वास कुणाचा कमी होता?

आमच्या नगरचंच उदाहरण घ्या. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या पाच वर्षांत त्या बाईने नवऱ्याची ताटातूट सोसली, लोकांची बोलणी सोसली, परत त्यांच्याकडे आल्यावरही आपलं सोवळं धरून राहिली. त्या पाच वर्षांत देव तिच्यापासून लांब होता का?

मला विसावा मिळाला. पण फार हळू मिळाला, आणि तेव्हा मी डॉक्टरांनी दिलेली गोळीही घेत होते. विसावा ही विश्वासाची मजुरी नाही.

दुसरा जन्म :
ताई, ते मीच लिहिलं होतं. तुमच्या दुःखाबद्दल वाईट वाटतं. पण तुमचं वाचून दारात उभा असलेला माणूस माघारी जाईल. मी अठरा वर्षं पीत होतो. बायकोची पोत विकली, पोरीच्या फीचे पैसे उडवले. एका शनिवारी शेजाऱ्याने घरच्या प्रार्थनेला ओढून नेलं. त्या रात्री सात तास झोपलो. आज नऊ वर्षं झाली, थेंब नाही. हळूहळू नाही, एका रात्रीत. माझी साक्ष खोटी?

रात्रपाळी :
खोटी कोण म्हणतंय? साक्ष तुमची आहे. तिने मला मोजू नका, एवढंच.

बावखल :
आम्हा वसईच्या कॅथलिकांना हे 'एका रात्रीत' समजतच नाही. आमच्या घरी रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना. आजी वाडीतून पाणी शिंपून आलेली असायची, माळेच्या दुसऱ्या दहा मण्यांनाच पेंगायची. आम्ही पोरं हसायचो. आमचे फादर म्हणायचे, देवाजवळ पेंगते आहे, पेंगू द्या. भावना येते आणि जाते, माळ चालू राहते. मला विसावा त्यातच सापडला.

दुसरा जन्म :
माळ ओढून तारण होत नाही. वचन वाचा.

बावखल :
वचन आम्हाला शिकवू नका! फादर स्टीफन्सनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराणा'त मराठी ओव्यांत ख्रिस्त सांगितला, तेव्हा तुमची मंडळी कुठे होती?

खांदेमळणी :
भांडा. पण सगळे अठ्ठाविसाव्या वचनावरच थांबलात. एकोणतिसावं वाचा : माझे जू आपणांवर घ्या. जू! बैल सोडून दिला असं त्यात कुठेच नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला माझे वडील हळद-तूप लावताना बैलाचा खांदा बोटांनी चाचपायचे, गाठ आलीय का बघायचे. जू नीट तासलेलं नसलं की खांदा सुजतो, मग बैल काम सोडतो. आणि जू जोडीचं असतं. नवा गोऱ्हा लावायचा तर दुसऱ्या बाजूला मुरलेला बैल लावतात, निम्म्याहून जास्त ओढ तो घेतो. ताई, तुमच्या चौदा महिन्यांत दुसऱ्या बाजूला प्रभू होता.

आता माझं दुखणं सांगतो. आमचे आजोबा गावकुसाबाहेरून मंडळीत आले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती म्हणजे फक्त हिंदू. शीख १९५६ ला आत आले, बौद्ध १९९० ला. आम्ही अजून बाहेर. राज्य आम्हाला ओबीसीत घालतं, पण गावात कुणी जातीवरून मारलं तर अ‍ॅट्रॉसिटी लागत नाही. मारणाऱ्याला आमची जात बरोबर माहीत असते, कायद्याला तेवढी माहीत नाही. पोरगा विचारतो, बाबा, शांती मिळाली म्हणता, मग रोज धुसफुसता कशाला?

दुसरा जन्म :
दादा, येशू सवलतीसाठी धरला होता का? देवाच्या राज्यात आरक्षण नसतं.

खांदेमळणी :
तोंड सांभाळा. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर आमची माणसं मिशनकडे आली, तेव्हापासून 'भाकरीसाठी बाटलेले' हे ऐकतोय. बाहेरचे म्हणत होते तोवर गिळलं. आता घरातूनच ऐकायचं? एलीयाला देवदूताने भाकरच दिली ना? वर ताईंनी लिहिलंय, तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत.

माळकरी :
मी ख्रिस्ती नाही, वारकरी आहे. आमच्या वारीत विसावा म्हणजे मुक्काम नव्हे. पालखी थांबते, घोटभर पाणी पिऊन होतं, परत चाल. ताईंचं म्हणणं मला तसंच वाटलं. पण एक सलतं. टिळक स्वतः म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पुलावरच एवढं मिळत होतं, तर पलीकडे जायची गरज काय होती?

खांदेमळणी :
माळकरीबुवा, अलीकडच्या काठावर माझ्या आजोबांना देवळाच्या पायरीपुढे जाता येत नव्हतं. पंढरपूरचं देऊळ उघडायला साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं, १९४७ मध्ये. आजोबांचा बाप्तिस्मा त्याच्या आधीचा. तुम्ही म्हणता तो पूल त्यांना कुणी दाखवलाच नव्हता.

माळकरी :
याला माझ्याकडे उत्तर नाही. चोखोबांची समाधीसुद्धा पायरीशीच आहे, दर वर्षी तिथे डोकं टेकतो आणि पुढे जातो. वाईट वाटलं वाचून.

निळी पहाट :
आमच्या घरी १९५६ ला दीक्षा झाली. केंद्राच्या यादीत यायला १९९० उजाडलं, त्यामुळे दादांची चीड कळते. पण विचारते, चर्चमध्ये तरी जात गेली का? माझ्या ख्रिस्ती मैत्रिणीचं लग्न जमताना 'मूळचे कोण' हे विचारलं होतं. बाबासाहेबांनी उगाच सगळे धर्म तपासले नव्हते.

बावखल :
प्रत्येक धाग्यात हे आणायलाच हवं का? विषय विसाव्याचा आहे.

निळी पहाट :
ज्याला मंडळीतसुद्धा मागच्या बाकावर बसावं लागलं त्याच्यासाठी विषय हाच आहे.

रात्रपाळी :
विचारतात. माझ्या लग्नातही विचारलं. माझ्या वडिलांनी उत्तर दिलं, आणि मी आत चहा करत होते, गप्प राहिले. खांदेमळणीदादा, तुम्ही धुसफुसता म्हणून तुमचा विश्वास कमी आहे असं मी म्हणणार नाही. बायबलच्या स्तोत्रांत कितीतरी वेळा लोक देवाशी तुमच्यासारखेच बोलतात. पोराला सांगा.

दुसरा जन्म :
आरक्षणाचं बोललो ते चुकलं. मागे घेतो. माझी आईसुद्धा दुष्काळी कामावर खडी फोडायची, १९७२ ला. भाकरीचं मी बोलायला नको होतं. पण देव एका रात्रीत सोडवतो यावरून मी हटणार नाही. मला सोडवलंय.

रात्रपाळी :
हटू नका. 'तुम्ही अजून आलाच नाहीत' तेवढं खोडा.

दुसरा जन्म :
विचार करतो.

खांदेमळणी :
ताई, ते जू अजून आहे गोठ्यात. बैल विकून आठ वर्षं झाली, वडिलांनी जू विकू दिलं नाही. उद्या उजेडात फोटो टाकतो. आतली बाजू बघा, हात फिरवला तर कुसळ लागत नाही.

रात्रपाळी :
टाका. आज मला सुट्टी आहे, साडेदहा वाजले, डोळे मिटायला लागलेत. झोपते.