लिव्हर आणि स्नायू या विषयावर संशोधनात करिअर होतं का?

तापीकाठचा_पोऱ्या:
जळगावला उमविमध्ये एमएस्सी बायोकेम, शेवटचं वर्ष. मामांना लिव्हरचा सिरॉसिस आहे, पोटात पाणी भरलंय पण दंड-मांड्या पार वाळल्यात, आणि घरात जो येतो तो सांगतो डाळ बंद करा, अमोनिया चढेल. लिव्हर खराब झालं तर स्नायू का झिजतात यावर पीएचडी करायची डोक्यात आहे पण सर म्हणतात फार्मात क्यूसी धर, म्हणजे औषधांचा दर्जा तपासायची नोकरी. कोणी आहे का या लाइनमध्ये?

वरणगावकर:
मी आहे भो, पुण्यात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन. लिव्हरला अमोनियाचा युरिया करता येईना की तो भार स्नायूवर पडतो, स्नायू त्याचं ग्लुटामिन हे अमिनो आम्ल करतो. पण अमोनिया फार झाला की मायोस्टॅटिन वाढतं, म्हणजे स्नायूला वाढू न देणारं प्रोटीन, १९९७ मध्ये जॉन्स हॉपकिन्सला सापडलेलं. सिरॉसिसमधला अमोनिया ते कसं वाढवतो हे २०१३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिक या हॉस्पिटलच्या ग्रुपने दाखवलं. त्या लोकांकडे पेशंट आणि लॅब दोन्ही असतात, आपण बिगरडॉक्टर, हॉस्पिटलवाला जोडीदार नसला तर उंदराच्या स्नायूच्या सी२सी१२ पेशींवर अमोनियम अ‍ॅसिटेट ओतत आणि वेस्टर्न ब्लॉट या प्रोटीनच्या चाचणीचे पट्टे बघत वर्षं जातात.

केळीवाला_रावेर:
पैशाचं बोला ना राजेहो

वरणगावकर:
जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी फेलोशिप, निघाली तर महिन्याला ३७ हजार, वर एचआरए. पुढे पोस्टडॉकचं काँट्रॅक्ट, दर वर्षी धाकधूक. क्यूसीचा पगार निदान दर महिन्याला येतो, सर अगदीच चूक नाहीत.

धुळ्याचा_डॉक्टर:
करिअर राहू द्या, आधी मामांची डाळ सुरू करा. प्रोटीन तोडायचा सल्ला कधीच मागे पडला, २०१८ च्या युरोपियन गाइडलाइनमध्ये किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम सांगितलंय. दुसरं, आपल्याकडे सातला जेवून झोपतात ते सकाळी चहालाच उठतात. सिरॉसिसच्या लिव्हरमध्ये ग्लायकोजेनचा म्हणजे साखरेचा साठाच तोकडा, मग रात्रभर स्नायू मोडून साखर बनते. झोपताना दूध-पोळी असं काहीतरी पोटात जाऊ द्या, शुगर असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारून. पोटात पाणी आहे म्हणजे पापड-लोणचं बंद, हे मात्र ऐकाच.

तापीकाठचा_पोऱ्या:
आईला आत्ताच फोन केला, मामा साडेसहालाच जेवतात म्हणे 😐 नेट परीक्षेचा फॉर्म भरतोय. दिल्लीचं आयएलबीएस, ते लिव्हरचं हॉस्पिटल, कसं राहील?

वरणगावकर:
वॉर्ड आणि लॅब एकाच आवारात, तुझ्या विषयाला बरं. फॉर्मच्या भरवशावर बसू नको, गाइडला आधी मेल टाक, आणि त्यांचे दोन पेपर वाचून टाक.