०.५ मिमी एंडमिल: कमी फीडला फोर्सची रेषा का मोडते?

प्रश्न (मकरपुरा, बडोदा)
दोन दातांचा ०.५ मिमी कार्बाइड एंडमिल (फिरत धातू कापणारं टूल), ६०६१ ॲल्युमिनियम, पूर्ण रुंदीचा स्लॉट, खोली ५० मायक्रॉन, ३०,००० आरपीएम. धारेची त्रिज्या २ मायक्रॉन. दातामागे फीड (एका दातामागे टूल जेवढं पुढे सरकतं ते अंतर) ०.५ ते ४ मायक्रॉन बदलत सरासरी फोर्स मोजला. २ च्या वर सरळ रेषा नीट बसते. १ च्या खाली सरासरी रेषेच्या जवळपास निम्मी येते, पीक मात्र १०-१५ टक्के वर. हा साइझ इफेक्ट (चिप पातळ झाली की दर चौमिमीला लागणारा फोर्स वाढणं) धरून कोइफिशंट (चिपच्या मापावरून फोर्स काढायचा गुणक) फीडनुसार बदलता ठेवावा का?

उत्तर १
आत्ताच नको. साइझ इफेक्ट असता तर सरासरीही वर गेली असती. सरासरी खाली आणि पीक वर, ही जोडी रनआउटची (टूल अक्षापासून सरकून फिरतं, म्हणून एक दात बाहेर, एक आत). एकच दात कापतोय.

स्पिंडलचे सेकंदाला ५०० फेरे, दातांचे १,००० ठोके. एफएफटीत (फोर्समधल्या वारंवारता वेगळ्या दाखवणारा आलेख) ५०० हर्ट्‌झची काठी १,००० पेक्षा उंच दिसली की शंका मिटली. दातांच्या त्रिज्येत १ मायक्रॉनचा फरक आणि फीड ०.५ असेल, तर आखूड दात धातूला लागतच नाही. लांब दात दुप्पट जाडीची चिप उचलतो. त्यामुळे चिपच्या जाडीवर अवलंबून असलेला हिस्सा सरासरीत तेवढाच राहतो, पण धार घासण्याचा हिस्सा एका दाताचा गळतो. इतक्या कमी फीडला तोच हिस्सा मोठा, म्हणून सरासरी निम्मी.

कोलेट (टूल पकडणारी बाही), नट, टेपर पुसून घ्या. मग टूल कोलेटमध्ये ९० अंश फिरवून धरा. स्पिंडलचा ऑफसेट जागेवर राहतो, दातांची रेषा फिरते. दोन्ही काटकोनात आले की दातांतला फरक जवळपास संपतो. शँकवर (टूलच्या दांड्यावर) डायल लावून हे कळणार नाही, कारण तिथे दातांची दिशा दिसतच नाही.

उत्तर २
फोर्सच्या मॉडेलमध्येही प्रत्येक दाताला वेगळी त्रिज्या द्या. चिपची जाडी मागच्या दातापासून आणि त्याच्याही मागच्यापासून काढा. कमी येईल ती घ्या. ही पायरी गाळली की दोन्ही दात कापतात असंच गणित निघतं.

किमान चिप जाडी धातूप्रमाणे धारेच्या त्रिज्येच्या साधारण २० ते ३५ टक्के. तुमच्याकडे ०.६ मायक्रॉन धरा. फीड २ असलं तरी शिरतानाचे १७.५ आणि निघतानाचे १७.५ अंश दात नुसता घासतो. तेवढ्या भागाला दबलेल्या धातूच्या आकारमानावर आधारलेला वेगळा नियम लावा. रनआउट काढल्यावर ०.५ फीडला चिप दर ठोक्याला निघणार नाही. धातू दबून परत वर येईल आणि काही ठोक्यांनी एकदम कापला जाईल. ते बिंदू रेषेत घेऊच नका.

प्रश्नकर्ता
९० अंश फिरवल्यावर ५०० ची काठी चौथ्या हिश्श्यावर आली. १ ते ४ फीडची नवी रेषा: फीडला काटकोनातल्या फोर्सचा उतार २५ न्यूटन प्रति मिमी, छेद (फीड शून्य धरला तर रेषेवर येणारा फोर्स) ०.१ न्यूटन.

उत्तर १
स्पर्शरेषेतला कटिंग कोइफिशंट = ४ × २५ ÷ (२ × ०.०५) = १,००० न्यूटन प्रति चौमिमी. एज (धार घासण्याचा) कोइफिशंट = ३.१४ × ०.१ ÷ (२ × ०.०५) = सुमारे ३.१ न्यूटन प्रति मिमी.

उत्तर ३
छेद फक्त ०.१ न्यूटन आहे, तो डायनॅमोमीटरच्या (फोर्स मोजणाऱ्या यंत्राच्या) ड्रिफ्टमध्ये सहज बुडतो. मे महिन्यात बडोद्यात पारा ४० च्या वर असतो. मोजताना एसी सुरू-बंद झाला तरी त्यातल्या पिएझो सेन्सरचं शून्य सरकतं. प्रत्येक कटच्या आधी आणि नंतर टूल हवेत फिरवून शून्य नोंदवा, मधला सरळ ड्रिफ्ट वजा करा. पीक वापरणार असाल तर जॉब बांधलेल्या स्थितीत हॅमर टेस्ट (हातोडीने ठोकून नैसर्गिक वारंवारता मोजणं) घ्या. नैसर्गिक वारंवारता ३,००० हर्ट्‌झच्या, म्हणजे दातांच्या १,००० ठोक्यांच्या तिसऱ्या हार्मोनिकच्या (तिप्पट वारंवारतेच्या), आसपास असेल तर ते पीक धातूचं नाही, डायनॅमोमीटरचं.