मदत हवी आहे: जुन्या महिंद्रा पिकअपला नवीन स्टिअरिंग, बॉस (स्टिअरिंग शाफ्टला जोडणारा मधला तुकडा) बसत नाही

गाडी सांगलीत, पॉवर स्टिअरिंग नाही. नवं स्टिअरिंग सहा बोल्टचं, ७० मिमी पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास). जुनं पुलरने काढलंय, पुढची चाकं सरळ ठेवून शाफ्टवर खूण केलीय. ‘जीपचा’ म्हणून मिळालेला बॉस टोकालाच अडतो. आतले दाते मोजले तर शाफ्टपेक्षा कमी. ठोकून बसवणार नाही, दाते सोलले तर चालत्या गाडीत स्टिअरिंग नुसतं हातात फिरायचं. हॉर्नचा प्रश्न नाही: कॉलममधली वायर बटणाच्या एका टर्मिनलला, दुसऱ्यातून बॉसला अर्थिंग.

जुन्या स्टिअरिंगचा हब (मधला भाग) कापून त्याला फ्लँज (बोल्टची चकती) वेल्ड करा असं गॅरेजवाले सुचवतात. पण हब बिडाचा निघाला तर वेल्डशेजारी तडा जाणार, तेही नेमका वळणावर. त्यापेक्षा शाफ्टच्या मापाने अख्खा बॉसच करून घ्यावा म्हणतो. मिरज किंवा कुपवाड एमआयडीसीत स्लॉटिंग मशीनवर (आत खाचा पाडणाऱ्या) एकच नग, आतल्या स्प्लाइनसकट (दात्यांसकट), कोण करून देईल? आणि मटेरियल ईएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद) घेऊ की साधं एमएस (माइल्ड स्टील) चालेल?