स्वस्त फ्लॅट आणि पुराची रेघ

सांगलीत शामरावनगरातला फ्लॅट विश्रामबागेपेक्षा बराच स्वस्त मिळतोय, घ्यावा का, असं एकाने विचारलंय. स्वस्ताईचं कारण भिंतीवर शोधा. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट. जिन्यात, मीटरच्या पेटीमागे पाण्याची रेघ अजून दिसते, नवा रंग दिला असला तरी. एजंट सांगणार नाही, समोरचा किराणावाला सांगेल. पहिला मजला असेल तरी पार्किंग, बोअरची मोटर आणि लिफ्ट पाण्यात जातात हे धरून चला. २००५ आणि २०२१ चंही विचारा.

प्लॉट घेणार असाल तर गुंठेवारी (परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्याने पाडलेले प्लॉट) नियमित झालीय का ते आधी बघा, नाहीतर बँक कर्जाला नाक मुरडते.

भाड्याचं म्हणाल तर आमच्याकडे अजून निम्मा व्यवहार तोंडी चालतो. अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. आमचे मालक मात्र "आपलीच माणसं, कागद कशाला" म्हणाले आणि डिपॉझिट परत द्यायला आठ महिने लावले. विकणाऱ्यांनो, पुराचं लपवू नका. गिऱ्हाईक आता पावसाळ्यातच घर बघायला येतं.